मिक्सर बरा आहे, पण आम्ही त्यात चटणी वाटत नाही (३ स्टार)

आधीच सांगते, चटणी-इडलीवाल्यांना या रिव्ह्यूचा काही उपयोग नाही. साडेसातशे वॉटचा हा मिक्सर आम्ही लॅबमध्ये घेतला तो ग्राफाइटपासून नॅनोशीट, म्हणजे अगदी काही अणूंइतके पातळ थर, काढायला. हेच काम ध्वनिलहरींनी करणाऱ्या सोनिकेटरला कायम नंबर लावून बसावं लागतं, म्हणून सरांना म्हटलं, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात जोनाथन कोलमन या शास्त्रज्ञाच्या ग्रुपने २०१४ मध्ये ४०० वॉटचा घरगुती ब्लेंडर आणि भांडी घासायचं लिक्विड वापरून ग्राफीन (ग्राफाइटचे हेच पातळ थर) काढलंय, आपणही करून बघू. सर हसले पण बिल पास केलं.

तर काम होतं, खरंच होतं. अर्धा लिटर पाणी, दोन चमचे ग्राफाइट, थोडं लिक्विड, की लावा फिरवायला. पाणी इतक्या जोरात घुसळलं जातं की थर एकमेकांवरून सरकून सुटे होतात, पेन्सिल कागदावर घासल्यावर होतं ना तसंच, आणि साबणामुळे ते परत चिकटत नाहीत. मग सेंट्रीफ्यूजमध्ये गरगर फिरवायचं, जाड गाळ खाली, वरचं राखाडी पाणी आपलं. त्यात लेझर पॉइंटर मारला तर लाल रेघ आरपार दिसली, म्हणजे बारीक कण पाण्यात तरंगतायत, मैत्रिणीने लाइट घालवून व्हिडिओच काढला. ग्राफाइटसारखंच थराथरांचं मॉलिब्डेनम डायसल्फाइड पण टाकून बघितलं, हिरवट पाणी आलं आणि यूव्ही-व्हिजमध्ये (कुठला प्रकाश किती शोषला जातो ते मोजणारं यंत्र) ६१० अन् ६७० नॅनोमीटरच्या आसपास त्याचे ओळखीचे दोन्ही पीक व्यवस्थित. अर्थात टाकलेल्या मालातला बहुतेक सगळा गाळातच जातो, त्याला मिक्सर तरी काय करणार.

आता स्टार कुठे कापले ते. एक तर फेस, झाकणातून उतू जातो, टेबल काळं, अ‍ॅप्रन काळा. दुसरं म्हणजे पाच मिनिटं चालवा, दोन मिनिटं थांबवा असं पुस्तिकेत लिहिलंय, म्हणजे तासाभराच्या रनला स्टॉपवॉच घेऊन उभं राहायचं. आणि तिसऱ्या आठवड्यात भांड्याच्या बुडातून गळायला लागलं, ग्राफाइटचं पाणी मोटरमध्ये उतरलं आणि ग्राफाइटमधून करंट जातो हे मी सांगायला नको, फट्ट आवाज, लॅबची लाइट गेली. पाणी वापरत होतो म्हणून वाचलो, एनएमपीसारखं पेट घेऊ शकणारं सॉल्व्हंट (द्रावक) यात चुकूनही घालू नका. आणि हे भांडं परत स्वयंपाकघरात नेऊ नका प्लीज.

वॉरंटीत दुरुस्त करून दिला मात्र. सर्व्हिसवाल्या दादांनी मोटर उघडली, काळं बोट पुसत विचारलं, "ताई, यात कोळसा वाटता का?"

म्हटलं, "नाही दादा, पेन्सिल."