आमच्या गल्लीतला कांदूर, श्रीनगर: गिरद्याला पाच तारे, रांगेला साडेतीन

मी विट्याकडचा, धंदा गलाईचा. हरिसिंह हाय स्ट्रीटवरच्या सराफांचं सोनं गाळून चोख करून देतो, राहायला जुन्या शहरात. कांदूर म्हणजे इकडचा तंदूरवाला, रोटी भाजणारा. टुरिस्टांनी वाट वाकडी करून यावं असं हे दुकान नाही, पाटीसुद्धा नाही.

आधी मालाचं. सकाळचा गिरदा, म्हणजे गोल जाडसर रोटी, एक नंबर: वर बोटांच्या रेघा, कड खरपूस, आत लुसलुशीत. लवासा (मुळशीतला नव्हे, ही पातळ रोटी!) गरम असेपर्यंतच खावा, गार झाला की चामडं. दुपारनंतर चोचवोर, म्हणजे तीळ लावलेली छोटी गोल रोटी मिळते, नून चायमध्ये (इकडचा खारा चहा) बुडवायला. कांदूर तंदूराच्या तोंडाशी मांडी घालून बसतो, दोन लांब सळयांनी रोटी सोडवून वर काढतो आणि मान वर न करताच विचारतो, "कोपऱ्यावरचे मास्टरजी आले नाहीत आज?"

हे लिहायला घेतलं ते या प्रश्नापायी. ५ ऑगस्ट २०१९ ला, कलम ३७० हटवलं त्या दिवशी, फोन गेले, ते पोस्टपेड मोबाइलवर बोलता येईपर्यंत १४ ऑक्टोबर उजाडला. आमच्यातले बरेच गावी गेले, मी राहिलो. कांदूर अंधारातच अर्धं शटर वर करून भाजायला बसायचा. कोण आजारी, कुणाचा पोरगा उचलला, कुठल्या पुलावर काटेरी तारा टाकल्यात, सगळं रांगेतच कळायचं. जो दिसला नाही त्याच्या घरी पोऱ्या गिरदे देऊन यायचा. पैसे वहीत. त्याआधी २०१५ मध्ये एमएसएफ या डॉक्टरांच्या संघटनेने खोऱ्यात पाहणी केली होती, तेव्हा ४५ टक्के प्रौढांमध्ये मानसिक त्रासाची लक्षणं आढळली. म्हणजे अठरा लाखांच्या घरात माणसं. या रांगेत उभ्या राहिलेल्याला त्याचं नवल वाटणार नाही.

मग दीड तारा का कापला? कारण चौकशी करणारी रांगच तोंड उघडू देत नाही. शेजारच्या आजींना रात्ररात्र झोप नाही, छातीत धडधड. घरचे हार्टच्या डॉक्टरांकडे खेपा घालत राहिले. काठी दरवाजाच्या मनोरुग्णालयात नेलं तर गल्लीत बोभाटा होईल, नातीचं लग्न अडेल, ही धास्ती. शेवटी एकदा नेलं, रांग पांगल्यावर, लांबच्या रस्त्यानं. आठवडाभरात सगळ्यांना कळलंच. आणि गल्लीतल्या तिघीजणी एकेकट्या येऊन आजींना गोळ्यांचं नाव विचारून गेल्या!

माझं म्हणाल तर मी निम्मा आत, निम्मा बाहेर. ऑक्टोबर २०२१ मध्ये बाहेरून आलेल्या कामगारांवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा रांगेत कुणी माझ्याकडे बघेना. कांदूर म्हणाला, "मराठे भाई, काही दिवस येऊ नका, पोऱ्या घरी आणून देईल." तो धीर होता की इशारा, हे मला अजून उमगलेलं नाही. लाल चौकात आमच्या लोकांचा गणपती बसतो, तिथे चार मराठी शब्द कानावर पडतात, पण बोलणं सोन्याच्या भावावरच जातं. झोपेचं कुणी काढत नाही.

बाकरखानी (पदर सुटणारी रोटी) हवी असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा. पिशवी घरून न्या, नाहीतर वर्तमानपत्रात गुंडाळून देतात. आणि सुट्टे पैसे ठेवा. वही फक्त गल्लीवाल्यांसाठी आहे.