सेव्हन-झिप : फुकट आहे, पण कुलूप दणकट

जळगावात आमचं टॅक्सचं काम, सराफ अन् केळीवाल्या पार्ट्यांचे पॅन, बँक स्टेटमेंट सगळं मेलवर जातं, त्यामुळे नुसती फाइल छोटी करणारं नाही तर पासवर्ड पक्का लावणारं सॉफ्टवेअर पाहिजे होतं. सेव्हन-झिप १९९९ पासून आहे, ओपन सोर्स, ऑफिसात वापरलं तरी पैसे नाहीत. विनरार हे तसलंच दुसरं सॉफ्टवेअरपण एन्क्रिप्शनला (पासवर्डने फाइल कुलूपबंद करायला) कमी नाही, पण ते ४० दिवसांचं ट्रायल, पुढे विकत घ्यायचं (घेतं कोण ते सोडा!).

आता खरी गोष्ट ऐका भाऊ. सेव्हन-झिपमध्ये झिप फॉरमॅट निवडला की आधीपासून झिपक्रिप्टो नावाचं कुलूप लागलेलं असतं, ते जुनं अन् कच्चं, एईएस-२५६ हे पक्कं कुलूप आपण हाताने निवडायचं, अन् तरी आतल्या फाइलींची नावं बिनापासवर्डची दिसतात, म्हणजे कोणाचं कर्ज प्रकरण आहे ते नावावरूनच कळलं ना! म्हणून सेव्हन-झेड फॉरमॅट घ्या, त्यात एईएस-२५६च असतं, अन् नावं झाकायची टिक आठवणीने करा. सॉफ्टवेअर दिसायला एकदम जुनाट, अपडेटही आपोआप होत नाही. पार्टी अँड्रॉइड मोबाइलवरच बघणार असेल तर झेडआर्कायव्हर हे अ‍ॅप टाकायला सांगा, त्यात उघडतं. पासवर्ड त्याच मेलमध्ये टाकू नका राव, फोनवर सांगा.