२० मीटरचं उभं अँटेना किट: वावरात लावून पाह्यलं

हॅम रेडिओसाठी (हौशी लोकांचा बिनतारी रेडिओ) ऑनलाइन मागवलं होतं, यवतमाळकडच्या आमच्या वावरात बसवलं. अॅल्युमिनियमच्या नळ्या एकात एक सरकतात, उंची साधारण ५ मीटर, म्हणजे २० मीटर बँडची (१४ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी) पाव वेव्हलेंथ, लहरीच्या लांबीचा चौथा भाग. नळ्या मजबूत आहेत पण क्लॅम्प साध्या लोखंडाचे, पहिल्याच पावसात गंजतील असे, ते बदलूनच लावा.

आता मेन गोष्ट. जाहिरातीत लिहिलंय की डीएक्ससाठी (लांबच्या देशांशी बोलायले) व्हर्टिकल पोलरायझेशनच (लहर उभी कंप पावणारी) पाहिजे. असं काही नसते भाऊ. टू मीटरवर (१४४ मेगाहर्ट्झचा बँड) हँडी (हातातला रेडिओ) घेऊन समोरासमोर बोलत असाल तर एक उभा एक आडवा असला की सिग्नल २० डीबीच्या आसपास, म्हणजे शंभर पटीनं, पडतो, ते खरं. पण १४ मेगाहर्ट्झवर लहर आयनोस्फिअरमधून (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) येते न, तिथं पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रानं तिचं पोलरायझेशन फिरून जाते, फॅरेडे रोटेशन म्हणतात त्याले, खाली येईपर्यंत ती ना धड उभी राहते ना आडवी. म्हणून इटलीवाला आडव्या बीमवर (एकाच दिशेनं फेकणारा अँटेना) असला तरी आपल्या उभ्यावर आरामात येते.

फरक पडतो तो अँगलचा. आडवा डायपोल (दोन सारख्या वायरींचा साधा अँटेना) १० मीटर उंच बांधला तर जोर साधारण ३० डिग्रीवर जाते, पण आमच्या कडूनिंबावर ५ मीटरच्या वर दोर जात नाही, अन् तेवढ्यावर बांधला की बहुतेक पॉवर सरळ आभाळात, युरोपचं अवघडच. उभा अँटेना जमिनीवरूनच खालच्या अँगलनं फेकते, म्हणून तो घ्यायचा, पोलरायझेशनसाठी नाही.

पण किटमध्ये रेडियल (बुडाशी जमिनीवर पसरायच्या वायरी) फक्त ४ देतात अन् तेवढ्यावरच एसडब्ल्यूआर (अँटेना केबलशी किती जुळतो त्याचं माप, कमी तितकं बरं) मस्त दाखवते. त्याच्यात हुरळून जाऊ नका, पाव वेव्हचा स्वतःचा रेझिस्टन्स ३६ ओहमच्या आसपास, बाकी जे मिळून केबलशी जुळणारे ५० होऊन राहिलं ते जमिनीत जाणारी पॉवर आहे. १६ रेडियल टाकल्यावर एसडब्ल्यूआर थोडा वाढला अन् समोरच्यांचे सिग्नल रिपोर्ट मात्र सुधारले. काळी माती ओली असली की बरं चालते, उन्हाळ्यात भेगा पडल्या की रेडियलचाच आधार. वायर धुऱ्याच्या बाजूनं टाका, नाही तर डवऱ्यात अडकून तुटते.

सगळ्यात मोठा त्रास आवाजाचा. आजूबाजूचा लोकल नॉइज उभ्या अँटेनावर जास्त येते, अन् आमच्याकडं रानडुकरापायी प्रत्येक वावरात झटका मशीन (कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणारं), रात्रभर सेकंदासेकंदाले टक टक टक. एफटी८ (कॉम्प्युटरवरून छोटे डिजिटल संदेश) निघून जाते, एसएसबीवर (तोंडी बोलणं) डोकं उठते. मी आता पाठवतो उभ्यावर अन् ऐकतो निंबावरच्या आडव्या वायरवर, हे जमते चांगलं.

५ पैकी साडेतीन स्टार. उंच खांब किंवा पाण्याची टाकी असेल तर हे किट घेऊच नका, डायपोल बांधा, वायरचाच काय तो खर्च.