अंगावरचं दूध, पंप आणि पावडरचा डबा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

लेक आता आठ महिन्यांची आहे. या काळात अंगावरचं दूध, पंपाने काढलेलं दूध आणि पावडरचं दूध हे तिन्ही आमच्या घरात चाललं. मधे काही महिने डबा पूर्ण बंद होता, मी कामावर रुजू झाल्यावर तो थोडा परत आला. अंगावरचं अजून चालू आहे. गरोदरपणी मी 'आईचं दूध की फॉर्म्युला' या प्रश्नाचं एकच उत्तर शोधत होते. माझ्या बाबतीत तो प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहिला आणि दर वेळी त्याचं उत्तर बाळाच्या वजनाकडे बघून द्यावं लागलं. जे काम करतंय आणि जे करत नाही, ते इथे सविस्तर लिहिते.

आधी आमची परिस्थिती, कारण तिच्यावर सगळं अवलंबून आहे. बाळंतपण माहेरी, सांगलीला. छत्तिसाव्या आठवड्यात सिझर झालं, वजन २.३ किलो. अशी थोडी आधी जन्मलेली बाळं दिसायला पूर्ण असतात, पण दूध ओढायला लवकर थकतात. आमची दोन-चार घोट घ्यायची आणि झोपायची. त्यात कावीळ झाली, मग निळ्या दिव्याखाली ठेवलं, आणि काविळीने बाळ आणखी झोपाळू होतं. पाचव्या दिवशी वजन २.०८ भरलं. जन्मानंतर सात ते दहा टक्के वजन उतरणं नेहमीचं असतं, पण आम्ही त्या मर्यादेच्या काठावर होतो. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, "हिला दूधच येत नाहीये." बालरोगतज्ज्ञांनी शांतपणे सांगितलं, "दूध आहे, बाळ ओढायला कमी पडतंय. ते ताकद धरेपर्यंत आपण मदत करू." हे एक वाक्य ऐकलं नसतं तर मी त्याच आठवड्यात पूर्णपणे डब्यावर गेले असते.

त्यांनी लावून दिलेला क्रम असा होता: आधी अंगावर घ्यायचं, मग काढलेलं दूध बोंडल्याने, म्हणजे चोच असलेल्या छोट्या वाटीने, पाजायचं, तेही कमी पडलं तर ठरवून दिलेलं तेवढंच पावडरचं, आणि बाळ झोपलं की पुन्हा पंप. दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा. हे थकवणारं आहे आणि एकट्या बाईने करायचं काम नाही. आमच्याकडे बोंडल्याने पाजणं आईकडे, भांडी उकळणं नवऱ्याकडे आणि माझ्याकडे फक्त दूध, अशी वाटणी होती म्हणून निभावलं. बोंडल्याबद्दल खास सांगते. माझ्याच बारशातलं चांदीचं बोंडलं आईने जपून ठेवलं होतं. छोट्या, ओढायला कमी पडणाऱ्या बाळाला बाटलीपेक्षा ते सोयीचं पडलं. दूध सावकाश जातं, बाटलीच्या बोंडाची सवय लागत नाही, आणि साफ करायला अडचणीची जागा एकही नाही.

पहिले दोन-तीन दिवस पंप विसरा. चीक, म्हणजे अगदी सुरुवातीचं दूध, इतका थोडा आणि चिकट असतो की तो पंपाच्या छातीला लावायच्या फनेललाच लागून राहतो. तो हाताने काढायचा. सिस्टरनी दाखवलेली पद्धत: अंगठा आणि तर्जनी काळ्या भागाच्या जरा मागे ठेवायची, आधी छातीच्या दिशेला दाबायचं, मग दोन्ही बोटं एकमेकांकडे आणून सोडायचं, आणि खाली चमचा धरायचा. चार-पाच मिली निघालं की जीव कासावीस होतो. पण पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी पाच-सात मिलीच मावतं. चीक पिळून टाकायची जुनी रीत अजून कुणी सुचवली तर ऐकू नका.

आता पंप. आधी हातपंप घेतला. अधूनमधून वापरायला तो उत्तम आहे, पण दिवसातून अनेकदा वापरून मनगट धरलं. मग दोन्ही बाजूंना एकदम लागणारा इलेक्ट्रिक घेतला आणि लागणारा वेळ जवळजवळ निम्मा झाला. सगळ्यात मोठा फरक फनेलच्या मापाने पडला. पंपासोबत बहुतेक वेळा २४ मिलिमीटरचं येतं आणि ते प्रत्येकीला बसतंच असं नाही. मला ते मोठं होत होतं, त्यामुळे दुखायचं आणि दूधही कमी निघायचं. लहान माप मागवल्यावर दुखणं थांबलं. दुसरी गोष्ट, काही महिन्यांनी दूध अचानक कमी यायला लागलं आणि मी घाबरले, तर सिलिकॉनचा चोचीसारखा छोटा व्हॉल्व्ह सैल पडला होता. तो बदलला की ओढ पुन्हा पहिल्यासारखी. दूध कमी झालं असं वाटलं की आधी हा भाग तपासा. आणि पंपात किती निघालं यावरून आपल्याला किती दूध आहे ते ठरवू नका. नीट लागलेलं बाळ यंत्रापेक्षा जास्त ओढतं. पान्हा मनावरही असतो. बाळाचं दुपटं मांडीवर घेऊन बसल्यावर मला फरक जाणवायचा. रात्रीचं पाजणं टाळू नये, कारण दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं.

साठवणीचे नियम थंड देशांतले वाचून तसेच लावू नका. काढलेलं दूध बाहेर चार तास चालतं हे साधारण २५ अंशांपर्यंतचं गणित आहे. सांगलीच्या एप्रिलमध्ये स्वयंपाकघरात ते लागू होत नाही, म्हणून आम्ही काढलं की लगेच फ्रिजमध्ये ठेवायचो. दारात नाही, आत मागच्या बाजूला. वीज तासन्‌तास जाते तिथे फ्रीजरमध्ये मोठा साठा करण्यात अर्थ नाही. फ्रिजमध्ये वर चरबीचा थर येतो, ते नासलेलं नसतं. वाटीतल्या कोमट पाण्यात बाटली ठेवून हलकेच फिरवायची. मायक्रोवेव्ह नको, दूध कुठे गार आणि कुठे चटका बसेल इतकं गरम होतं. माझ्या दुधाला ठेवल्यावर साबणासारखा वास यायचा आणि लेक तोंड फिरवायची. हे दुधातल्याच लायपेज नावाच्या विकरामुळे (एन्झाइममुळे) होतं, दूध खराब नसतं. पण बाळच घेत नसेल तर ताजंच देण्याकडे कल ठेवावा लागतो.

डब्याबद्दल लिहिताना मला कुणालाही अपराधी वाटायला लावायचं नाही. ते पहिले काही आठवडे पावडरच्या त्या थोड्या मिलींनी माझ्या लेकीचं वजन वर आणलं. पण डबा वापरायचा तर काटेकोरपणे. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून पाणी उकळून, सत्तर अंशांच्या खाली जाण्याआधी, म्हणजे साधारण अर्ध्या तासाच्या आत, त्यात पावडर घालायची आणि मग बाटली नळाखाली गार करायची. मनगटावर थेंब टाकून बघायचा. डब्यातला चमचा सपाट भरायचा, दाबून नाही, आणि प्रमाण डब्यावर लिहिलेलं तेच. उरलेलं उष्टं टाकून द्यायचं. डबा पुरवण्यासाठी पातळ करून पाजणं मी ओळखीच्या घरांत पाहिलंय आणि त्याने मला फार वाईट वाटतं, कारण बाळाचं पोट भरल्यासारखं दिसतं आणि वजन वाढत नाही. खर्चाचा हिशोब आधीच करा. पाच किलोचं बाळ पूर्ण पावडरवर असेल तर दिवसाला साधारण ७५० मिली, म्हणजे जवळपास शंभर ग्रॅम पावडर लागते. चारशे ग्रॅमचा डबा चार दिवसांत संपतो. दुकानात जाऊन किमतीला महिन्याच्या सात-आठ डब्यांनी गुणून बघा. परवडणार नसेल तर गाईचं दूध पाणी घालून, असा सल्ला मिळतो. तो वर्षाच्या आत नको. त्यात लोह फारच कमी असतं आणि त्यातल्या प्रथिनांचा आणि क्षारांचा भार लहान मूत्रपिंडांना झेपत नाही.

डब्यावर बाळाचा फोटो का नसतो, हे मला आधी माहीत नव्हतं. १९९२ चा कायदा आहे. दुधाच्या पर्यायांची आणि बाटल्यांची जाहिरात, आईला मोफत नमुने, डब्यावर बाळाचं चित्र, हे सगळं त्यात बंद आहे. २००३ च्या दुरुस्तीने तो आणखी कडक झाला. त्यामुळे कुठे 'सॅम्पल' म्हणून डबा हातात ठेवला तर घेऊ नका.

बाळ फार लहान, अतिदक्षता विभागात असेल तर मातृदूध पेढीबद्दल विचारा. आशियातली पहिली अशी पेढी १९८९ मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. तिथे तपासणी झालेल्या मातांनी दान केलेलं दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून देतात. आमची लेक त्या गरजेत बसत नव्हती, पण ज्यांची बसते त्यांना हा पर्याय कुणी आपणहून सांगेलच असं नाही.

बाळाला पुरतंय का, हे कसं ओळखायचं? रडण्यावरून नाही. संध्याकाळी बाळं रडतातच, आणि त्याच वेळी सासूबाई, आत्या, शेजारच्या काकू सगळ्या म्हणतात, "पोट भरत नाहीये गं तिचं, वरचं लाव." आम्ही दिवसभर सुती लंगोट वापरले, त्यात शू मोजता येते. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त ओले लंगोट आणि पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला साधारण वीस-तीस ग्रॅम वाढ. ती वाढ दिसायला लागली तसं डॉक्टरांना विचारून पावडर एकेक वेळची कमी करत बंद केली. आईने अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू मनापासून करून घातले आणि मी आनंदाने खाल्ले. पण दूध वाढलं ते बाळ वारंवार लागल्याने, हे मी खात्रीने सांगते. गुटी, मध, साखरेचं पाणी यांना मात्र आम्ही सहा महिने ठाम नकार दिला, मधाला तर वर्ष होईपर्यंत नकारच राहील. रोजचे ड जीवनसत्त्वाचे थेंब तेवढे दिले, कारण ते आईच्या दुधातून पुरेसं मिळत नाही.

सप्टेंबरमध्ये पुण्यात कामावर परतले. सव्वीस आठवड्यांची रजा २०१७ पासून बहुतेकींना ठाऊक आहे. कायद्यात बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी कामाच्या वेळात रोज दोन जादा मधल्या सुट्ट्या आहेत, हे मात्र आमच्या ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं. मी लेखी अर्ज केला, कलमासह, आणि एक कडी लागणारी खोली मिळवली. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोयही द्यावी लागते. दोन वेळा पंप केलं की दुसऱ्या दिवशीचं बहुतेक भागतं. नाही भागलं त्या दिवशी सासूबाई पावडरचं एक दूध देतात, आता त्याही पाणी उकळून, चमचा सपाट करून. सोबत नाचणीचं सत्त्व, मऊ भात-वरण सुरू आहे. रात्री आणि सकाळी लेक माझ्याकडेच पिते, आणि दोन वर्षांपर्यंत हे चालू ठेवायचा माझा विचार आहे.

खरेदीचं विचारलंत तर: बाळंतपणाआधी डबा आणून ठेवू नका, वजन आणि सल्ला बघून घ्या. इलेक्ट्रिक पंप नोकरी असेल किंवा बाळ अशक्त असेल तरच, आणि कुणाचा वापरलेला घ्यायचा तर नळीत दूध शिरत नाही अशा बंद रचनेचाच, फनेल आणि व्हॉल्व्ह नवे लावून. बोंडलं मात्र घरात असू द्या.