पाश आणि फास: एकाच दोरीचे दोन शब्द

पाश आणि फास एकाच घरातले. संस्कृतातला पाश बोलीत उतरला आणि फास झाला. अर्थ मुळात एकच, गाठ मारून केलेला दोरीचा वेढा; पण मराठीत दोघांनी आपापली वाट धरली.

पाश देवाधर्मात रमला. गणपतीच्या एका हातात पाश, दुसऱ्यात अंकुश. वरुणाचं आणि यमाचंही ते आयुध. शैव सिद्धांतात पती, पशू, पाश अशी त्रयीच आहे, तिथे पती म्हणजे स्वामी शिव आणि जीव म्हणजे बांधलेला पशू. म्हणून मोहपाश, भवपाश सहज जुळतात. बाहुपाशात तर बांधलं जाणं हवंहवंसं वाटतं. पाशाचा हा मऊपणा मला फार आवडतो.

फासाला तो नाही. फास ओढला की आवळतो. विहिरीत सोडायच्या कळशीच्या गळ्यात तोच हवा, वजन पडेल तसा घट्ट बसतो. वासराच्या गळ्यात मात्र चुकूनही नको! तिथे निरगाठच मारायची, नाहीतर एका हिसक्यात जनावर गुदमरतं. भाषेनंही हेच आवळणं उचललं: गळफास, फाशी, कर्जाचा फास. फासेपारध्यांचं नावही शिकारीच्या फासांवरून पडलं. (सोंगट्यांच्या खेळातला फासा निराळा, तो 'पाशक'वरून आला.)

'सावकारी पाश' हा शब्दप्रयोग रुळला आहे, तरी मला तो खटकतो. व्याज दर महिन्याला गळ्याशी येतं, तिथे फास हाच शब्द खरा.