हायस्कुलाच्या जागेसाठी सरकारी नकाशे: नाकारायला उत्तम, निवडायला अपुरे

नव्या सरकारी हायस्कुलासाठी दोनेक एकर हवे आहेत आणि कोकणातल्या एका गावातून चार गट नंबर पुढे आलेत. अशा वेळी सातबाऱ्याचं महाभूलेख, गटांच्या नकाशांचं महाभूनकाशा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं भूकोश ही तीन संकेतस्थळं एका दुपारी नको त्या जागा बाजूला काढून देतात. तेवढ्यासाठी ती वापरावीतच. उरलेल्यांतून एक ठरवायला मात्र पायताण घालून सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळपठारावर, जावं लागतं.

तिघांत महाभूलेख सर्वात उपयोगी. सातबारा नुसता बघायला पैसे पडत नाहीत. प्रस्तावाला जोडायला डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो. क्षेत्राचा आकडा नंतर, आधी ‘इतर हक्क’ हा रकाना वाचा. कुळाची नोंद आहे का? खाजगी वनाची आहे का? १९७५च्या खाजगी वन संपादन कायद्याखालची नोंद असेल, तर जमीनमालक कितीही राजी असला तरी तो गट सोडून द्यावा. वनखात्याच्या मंजुरीत वर्षं जातात. मग पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी भाग, वजा करा. उताऱ्यावर हेक्टरभर दिसतं, पण त्यात घळ आणि उघडा कातळ किती ते तिथेच कळतं. शेवटी सहहिस्सेदार मोजा. ‘शाळेला जमीन देतो’ असं गावातला भाऊ म्हणतो, सह्या मुंबईतल्या सहा जणांच्या लागतात. नोंदणीकृत बक्षीसपत्र होईपर्यंत नारळ फोडू नये.

महाभूनकाशा गटाचा आकार आणि शेजारचे गट दाखवतो. गटाला रस्ता लागून आहे की मध्ये दुसऱ्याची पट्टी आहे, हे त्यावर चटकन दिसतं. त्यावरून हद्द मात्र धरू नका. पोटहिस्स्यांची मोजणी झालेली नसेल तर चित्र फसवं असतं. भूमि अभिलेख खात्याची मोजणी आणि तिचा नकाशा म्हणजे ‘क’ प्रत, हाच खरा आधार.

भूकोशवरचा दरडप्रवण क्षेत्रांचा नकाशा १:५०,०००चा आहे, म्हणजे नकाशावरचा एक मिलिमीटर जमिनीवर ५० मीटर. दोन एकरांचा चौकोन त्यावर दोन मिलिमीटरही भरत नाही. ठिपका लाल पट्ट्यात पडला तर जागा सोडा. हिरव्यात पडला म्हणून निर्धास्त होऊ नका. सड्यावर पडलेलं पाणी सच्छिद्र जांभ्या दगडातून झिरपतं, खालच्या पांढरट चिकणमातीवर अडतं आणि सड्याच्या पायथ्याशी झऱ्यांनी बाहेर येतं. नेमका तोच उतार धसतो. त्यात मैदानासाठी डोंगर उभा कापला की दरड वर्गांच्या पाठीमागे आपणच तयार केली. दहास एक उतार असेल तर ६० मीटरांत ६ मीटर चढ येतो. एवढं कापण्यापेक्षा इमारत दोन टप्प्यांत बसवावी. जुलै २०२१मध्ये दरडीखाली गेलेलं तळिये आठवत असेल त्याला जास्त सांगायला नको.

खाडीकाठच्या जागांना ही तिन्ही संकेतस्थळं पुरत नाहीत, त्यासाठी किनारा व्यवस्थापन आराखडा पाहावा. कांदळवनापासून ५० मीटर तर सोडायचेच. २०१९च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेनुसार ना-विकास क्षेत्रातही स्थानिकांसाठी शाळेला किनारा व्यवस्थापन प्राधिकरण प्रकरणागणिक परवानगी देऊ शकतं, पण म्हणून जागा योग्य ठरत नाही. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की पऱ्ह्याचं (ओढ्याचं) पाणी खाडीत शिरत नाही, मागे फिरतं. जुलैत अशा दिवशी तिथे उभं राहून बघावं.

पाण्याचं उत्तर तिघांपैकी कुणाकडेच नाही. दिवसाच्या शाळेसाठी माणशी ४५ लिटर धरले तर ३०० मुलांना रोज १३,५०० लिटर लागतात. ५०० चौरस मीटर छपरावर ३,००० मिमी पावसात, गळती-वाफ वजा जाता, १२ लाख लिटर सहज पडतात. पाऊस कमी नाही, अडचण साठवणीची: कोरड्या दिवसांतल्या ५० शाळादिवसांना पावणेसात लाख लिटरांची टाकी लागेल. म्हणून शेजारची विहीर एप्रिलअखेर किती खाली जाते ते दोरीला दगड बांधून मोजा. उघड्या सड्यावरची जागा स्वस्तात मिळते ती बहुधा याच कारणाने. तिथे खोदण्यापूर्वी कातळशिल्पं आहेत का, हेही पाहून घ्या.

एसटीचा थांबा हाकेच्या अंतरावर हवा, पण फाटक महामार्गावर उघडणारं नको. पाचपैकी गुण द्यायचे तर महाभूलेखला चार, महाभूनकाशाला तीन, भूकोशला अडीच. अर्धा गुण तो फुकट आहे म्हणून.