जुन्या कॅम्पर व्हॅनचे दहा महिने: आधी पत्रा बघा, इंजिन मागाहून

माझी गाडी २००९ ची. टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली कॅम्पर व्हॅन, फेब्रुवारीत इथेच इंदूरला सव्वाचार लाखांना घेतली. आईचे गुडघे गेलेत, रस्त्यावरच्या संडासात तिला बसता येत नाही आणि नर्मदेकाठी नेमावर, ओंकारेश्वर, महेश्वर तिला करायचंच होतं. मुक्कामाला हॉटेल मिळतं, पण वाटेत दर दोन तासांनी येणारा प्रश्न हॉटेलने सुटत नाही. म्हणून गाडीतच कमोड असलेली ही व्हॅन. आतापर्यंत सहा हजार किलोमीटर झालेत आणि दुरुस्तीवर दोन लाख साठ हजार गेलेत.

घेण्याआधी दोन गाड्या पाहिल्या होत्या. पहिली नव्वद हजारांनी स्वस्त होती, आतून छानही होती. पण आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, ‘बस’ लिहिलेलं आणि आत दोन पलंग! असा बदल आरटीओकडून आरसीवर चढवून घेतलेला नसेल तर अपघातानंतर विम्याचा दावा अडतो. ती सोडली. दुसरीच्या आरसीवर ‘कॅम्पर व्हॅन’ होतं, तीच घेतली. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. ती वाढवून झाली होती, मार्च २०२९ पर्यंत. जुन्या गाडीची किंमत ठरवताना मी आधी ही तारीख बघतो, मग किलोमीटर.

इंजिनाची काळजी मला सगळ्यात जास्त होती आणि त्यानेच सगळ्यात कमी त्रास दिला. ट्रॅव्हलर १९८७ पासून रस्त्यावर आहे, इंजिन मर्सिडीजच्या ओएम ६१६ या डिझेल इंजिनाच्या घराण्यातलं, आणि ही गाडी बनते इथून तासाभरावर पीथमपूरला. देवास नाक्यावर हे इंजिन डोळे मिटून उघडणारे मिस्त्री आहेत. माझ्या उस्तादांनी गाडी बघायला येताना पाना आणलाच नाही. खिशातून जुन्या स्पीकरचं लोहचुंबक काढलं, फडक्यात गुंडाळलं आणि पत्र्यावरून फिरवत निघाले. डाव्या मागच्या चाकाच्या वरच्या पत्र्यावर चुंबक हातातून सुटून खाली पडलं. ‘यहाँ पत्रा नहीं है भिया, पुट्टी है.’ रंग तासल्यावर खाली तळहाताएवढं भोक निघालं. त्याचे वीस हजार मी किमतीतून तिथल्या तिथे कमी करून घेतले.

जे चुंबकाला सापडलं नाही ते जूनमध्ये पावसाने दाखवलं. नेमावरला सिद्धनाथाच्या देवळाजवळ मुक्काम होता. रात्री अडीचला आई म्हणाली, ‘अरे, पांघरूण ओलं लागतंय.’ छतावरच्या झरोक्याभोवती साधं सिलिकॉन लावलेलं होतं, ते उन्हाने कडक होऊन पत्र्यापासून सुटलं होतं. पाणी आतल्या अस्तरामागून उतरून पलंगाच्या कोपऱ्यात साचत होतं, आणि तेही कितीतरी पावसाळ्यांपासून. प्लायवर अंगठा दाबला तर भिजलेल्या खारीसारखा आत गेला. झरोका काढला, जुनं सिलिकॉन खरवडलं, खाली ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) लावली आणि कडेने पॉलियुरेथेन सीलंट भरलं. मागचं अर्धं प्लाय फेकून पाण्याला टिकणारं मरीन प्लाय बसवलं. या एका कामाला पंच्याऐंशी हजार लागले.

गाडी घ्यायला जाल तेव्हा पाण्याचा पाइप मागा. वीस मिनिटं छतावर पाणी सोडा आणि आत बसून प्रत्येक कोपरा अंगठ्याने दाबा. मालक टाळाटाळ करत असेल तर उठून या. आत शिरताच अगरबत्तीचा किंवा फ्रेशनरचा दणदणीत वास आला तर पलंगाखालचं फळकूट उचलल्याशिवाय बयाणा देऊ नका.

आणखी दोन गोष्टी मी पहिल्याच आठवड्यात बदलल्या, कारण त्या जीवावरच्या होत्या. शिशाची बॅटरी पलंगाखाली बंद खोक्यात होती. चार्ज होताना ती पेट घेणारा हायड्रोजन सोडते आणि त्याला बाहेर जायला वाटच नव्हती. तिच्या जागी १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घातली, पंखा, दिवे आणि छोटा फ्रिज रात्रभर चालतो. दुसरी गोष्ट गॅसची. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, खिडकी उघडून तो जात नाही. सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाला थेट बाहेर उघडणारं भोक पाडलं आणि जाळी बसवली.

टायरची नक्षी पुरेशी वाटली म्हणून मी ते ठेवले होते, ही माझी चूक. कडेला चार आकडे असतात: १८१६ म्हणजे २०१६ चा अठरावा आठवडा. रबराला चिरा होत्या. महेश्वरला जाताना मानपूरच्या पुढचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये, जीव मुठीत धरून उतरलो. परत आल्यावर पाचही टायर बदलले.

आता गाडी विकतोय. आईला मागची उंच पायरी चढवत नाही, आधार दिला तरी नाही. तिची तिन्ही ठिकाणं झाली. महेश्वरला घाटाच्या वर गाडी लावली होती, तिने आतल्या शेगडीवर पिठलं केलं आणि पलंगावर बसून खिडकीतून नर्मदा बघत जेवली.

देवासहून एक जोडपं आलं होतं. मी दुरुस्तीची सगळी बिलं आणि उघडलेल्या प्लायचे फोटो समोर ठेवले. मागणी पाच चाळीसची आहे, खर्च पूर्ण निघणार नाही हे ठाऊक आहे. गाडी नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होतील त्याच दिवशी ताबा पावती तारीख आणि वेळ घालून करणार, कारण आरसीवर नाव बदलेपर्यंत चलान माझ्याच नावाने येणार. ते शनिवारी परत येतायत. नळाला पाइप लावून ठेवतो म्हणून मीच सांगितलंय.